खिडकी, खोकी आणि निःपक्षपाताची शपथ

न्याय करणाऱ्याचं मन स्वच्छ असावं, आणि स्वच्छ म्हणजे त्यात काहीच नसावं, हे कोणीही मान्य करील.

आमच्या गल्लीत भांडीवाल्यांनी शिवणवाल्या ताईंच्या एकुलत्या एका खिडकीपुढे खोकी रचली. आत अंधार झाला, टाके वाकडे पडू लागले, गिऱ्हाइकं तुटू लागली. दोघांच्या भाडेकरारात लिहिलं होतं, की तंटा झाल्यास लवाद नेमावा. नेमला.

पहिले लवाद सज्जन. शपथ घेता घेता त्यांच्या लक्षात आलं, की अंगातला कोट ताईंनीच शिवलाय. त्यांनी तसं जाहीर केलं, कोट काढला आणि पद सोडलं. (मग कोट पुन्हा घातला. आता हरकत नव्हती.) दुसऱ्यांच्या घरी भांडीवाल्यांकडचं पातेलं निघालं. तिसऱ्यांच्या सासूबाईंचं पोलकं ताईंनी एकदा बिघडवलं होतं. त्यामुळे ते ताईंवर नाराज आहेत की ताईंचे उपकृत, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

चौथे मात्र खरे व्रतस्थ. एक्केचाळीस कलमांची शपथ रोज सकाळी, उपाशीपोटी, उभ्याने म्हणत. मध्ये शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून. नेम मीही पाळते, पण इतका कडक माझ्याच्याने झाला नसता. एकूण बैठका बावन्न. पैकी शपथेत पन्नास, शिंकांत एक, कामकाजात एक.

त्या कामकाजाच्या बैठकीत हे चौथे साहेब जागेची पाहणी करायला आले, डोळे घट्ट मिटून. कारण उजेड दिसला तर एका पक्षाचा लाभ, अंधार दिसला तर दुसऱ्याचा. पायरीवर ताईंनी त्यांचा हात धरला. लगेच दुसरा हात भांडीवाल्यांना धरायला लावण्यात आला.

“साहेब, मला सुईचं नेढं दिसत नाही हो,” ताई म्हणाल्या.

साहेबांनी भांडीवाल्यांचीही तक्रार विचारली.

“माझी कसली तक्रार? खोकी मस्त बसलीत.”

निकाल तिथेच लागला: एका पक्षाची तक्रार आहे, दुसऱ्याची नाही, एकाचीच ऐकणं हा उघड पक्षपात, सबब कोणाचीच ऐकलेली नाही.

ताईंनी आता मशीन विकायला काढलंय. फेरविचारासाठी नवा लवाद हवा आहे, आणि मी तुमचं नाव सुचवलंय. अशी खोकी तुम्हीही जाता-येता रोज पाहता, आणि आजवर एका शब्दानं कोणाची बाजू घेतली नाहीत. तुम्हाला शपथ लागणार नाही.