लोटन आप्पांचा अर्धा पासवर्ड

लोटन आप्पा आमच्याकडे आले की पाणी घेण्याआधी पाकीट मागत. पाकीट माझ्या कपाटात असतं. त्यात त्यांच्या पासवर्डाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा एका मिरची व्यापाऱ्याकडे.

आप्पा मूळचे रनाळ्याचे. बायको गेल्यापासून नंदुरबारात, आमच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात आणि शेतकऱ्यांना मिरचीचे भाव, हवामान कळवणारं ॲप चालवतात. हवामान एका कंपनीकडून येतं, संदेश दुसरी पाठवते. दोन्हीकडे ओळख पटवायला एपीआय की लागते: अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. ती भलत्याच्या हाती लागली तर तो आप्पांच्या नावाने खोटे भाव पाठवील. म्हणून या सगळ्या की क्लाउडवरच्या डिजिटल तिजोरीत, आणि आप्पांना काही झालंच तर तिजोरीचा पासवर्ड दोन पाकिटांत.

दर एक तारखेला पासवर्ड बदलून ते नवं पाकीट आणत. जुनं ट्यूबलाइटसमोर धरून डिंक आणि त्यावरची आपली सही तपासत.

"कोनले दखाडं तं नही ना?"

"आप्पा, साखरना डबाबी इतला जपस नही मी," माझी बायको म्हणे.

"तठेच चुकस, वहिनी. डबाले झाकन शे, पन त्यावर सही नही."

मग चहा, मग तासभर बसणं. बावीस महिन्यांत बावीस पाकिटं.

विनाकारण होणारं काम मला खुपतं. मी संगणकाचं काम करणाऱ्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, तिजोरी सगळ्या की आपोआप बदलते. तिचा पासवर्ड दरमहा बदलायची गरज नाही, पाकीट एकदा दिलं की झालं. मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर शे. माले ठाऊक शे," ते म्हणाले आणि अर्धा कप तसाच ठेवून उठले.

पुढच्या एक तारखेला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या एक तारखेला मीच गेलो. दुपारचे चार वाजले होते. आप्पा बंद संगणकासमोर बसले होते.

"सगळं आपोआप व्हई ऱ्हायनं, भाऊ."

घरात दुसरी खुर्ची नव्हती. मी उभ्यानेच सांगितलं, पाकीट हरवलं. ते कपाटात, दुसऱ्या खणात, जागच्या जागी होतं.

आप्पा ताडकन उठले. शर्ट चढवला. "नवा पासवर्ड करना पडी. तुमले काही अक्कल शे का, भाऊ?" गल्लीभर मी बोलणी खाल्ली. आमच्या दाराशी ते थांबले.

"कवयपासून सापडत नही शे?"

"तीन महिने झाले," मी म्हणालो.

आप्पांनी सावकाश चपला काढल्या. पाकिटाचं नाव न काढता आधी पाणी मागितलं.