तासगावला जाणाऱ्या सुरुवाती

वैजयंती कुंभोजकरच्या प्रत्येक कामाची सुरुवात गेली बारा वर्षं चुकीच्या पत्त्यावर, म्हणजे तासगावच्या भूपाल मगदूम यांच्याकडे पोचत होती.

ती राहायची सांगलीत. भांडी घासायचं तिच्या मनात आलं की तिकडे मगदूम भरल्या ताटावरून उठत, एक वाटी घासत आणि पुढे काय करायचं ते न कळून परत जेवायला बसत. इकडे वैजयंती ओट्याशी नुसती उभी. नातेवाईक तिला आळशी म्हणत. तिलाही तसंच वाटे, कारण तासगावची हकीकत तिला कुठे ठाऊक होती?

दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. शेजारच्या पाटोळेबाईंनी कोबी चिरायला घेतला की ही अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा चिरून देई.

एप्रिलात तिच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पत्र आलं. अक्का साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. ‘एकतीस मेला निवृत्त होते आहे, खोली सोडावी लागेल. तुझ्याकडे येऊ का? नको असेल तर उत्तर लिहू नकोस. मी समजून घेईन आणि वृद्धाश्रमात नाव घालीन.’

वैजयंतीला अक्का हवी होती. आईच्या माघारी तिला अक्कानेच वाढवलं होतं. तरी वीस मे उजाडला आणि कागद कोराच. फोनचंही तेच. ती फोनकडे बघे, आणि तासगावात मगदूम फोन कानाला लावून, नंबर माहीत नसल्याने खाली ठेवत. पाटोळेबाईंनी एकदा मायना लिहून दिला. पण ती सुरुवात पाटोळेबाईंची. म्हणून पुढचा सगळा मजकूर त्यांच्याच पापडखाराचा आला.

शेवटी पाटोळेबाईंनीच तिला स्कूटरवर घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले.

“हा एडीएचडी,” ते म्हणाले. “मोठ्या माणसांतही असतो. गोळ्या देतो, त्यांनी लक्ष टिकायला मदत होईल. पण तुमच्या सुरुवाती बाहेरगावी जातायत. त्याला सुरुवातींच्या नोंदणी कार्यालयातच जावं लागेल.”

कार्यालयातल्या बाईंनी नोंदवही काढली. “मगदूम भूपाल आण्णा, बेदाण्याचे व्यापारी. पत्ता बदलून मिळेल. अर्ज करा. पहिली ओळ अर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहायची.”

“पण तीच तर तासगावला जाते.”

“मग तिथून आणा.” बाईंच्या बोलण्यात खोच नव्हती. नियमच तसा होता.

तासगावला निघायचं वैजयंतीने दुसऱ्याच दिवशी ठरवलं. ती सुरुवातही तासगावला गेली. मगदूमांनी चप्पल घातली, दारात आले, आपण तासगावातच आहोत असं बघितलं आणि चप्पल काढून ठेवली. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी पाटोळेबाईंनी पुन्हा स्कूटर काढली.

मगदूम सत्तरीचे, अंगाने सडसडीत. वैजयंतीचं नाव ऐकून ते जरासुद्धा दचकले नाहीत.

“या. आज सकाळधरनं चप्पल घातली न्हाई, तवाच वाटलं, तुम्ही निघाला असणार.”

“तुम्हाला फार त्रास झाला असेल.”

“मला कसला? बायको तेवढी म्हणती, ह्यांनी हातात घेतलेलं एक काम तडीला गेलेलं बघितलं न्हाई.” त्यांनी फळीवरून बेदाण्याचं जुनं खोकं उतरवलं. “हे मात्र टाकवलं न्हाई. पत्र दिसतंय. अक्का कोण ते ठावं न्हाई, म्हणून पुढं काय लिवलं न्हाई.”

खोक्यात त्रेचाळीस कागद होते. प्रत्येकावर मगदूमांच्या टपोऱ्या अक्षरात ‘प्रिय अक्का,’ एवढंच.

“काही दिवशी तीन-तीन आलेत,” मगदूम म्हणाले. “एक दिवस खाडा न्हाई तुमचा. कुणी आळशी म्हणालं तर माझ्याकडं धाडा.”

वैजयंतीला रडू आवरेना. बारा वर्षांत तिच्या बाजूने एवढं कुणी बोललं नव्हतं. तिने सर्वांत वरचा कागद ओढला. सुरुवात झालेलीच होती, शिवाय तिची स्वतःची. ‘ये. पुढची खोली तुझी. सामान फार असलं तरी आण,’ तिने लिहिलं आणि पुढे दोन पानं हात थांबला नाही. पाटोळेबाईंनी पत्र वाटेतच पेटीत टाकलं.

पहिली ओळ मगदूमांच्या अक्षरात चालत नाही, म्हणून पत्ता बदलायचा अर्ज कार्यालयात अजून सुरुवातीअभावी प्रलंबित आहे. महिन्यातून दोनदा तासगावहून पाकीट येतं. त्यात वीजबिलापासून वाढदिवसांपर्यंत सगळ्याच्या पहिल्या ओळी असतात.

अक्का ठरल्याप्रमाणे एकतीस मेलाच संध्याकाळी आली. तोंडावर पाणी मारून झाल्यावर तिने विचारलं, “एवढे दिवस लावलेस गं. मी वृद्धाश्रमाला होय म्हणणार होते.”

वैजयंतीने तासगावहून आणलेलं खोकं तिच्यापुढे ठेवलं. अक्काने चष्मा चढवला. उरलेल्या बेचाळीस कागदांवर तेच दोन शब्द होते. तिने एकेक करून सगळे वाचले.