परक्या गल्लीचा तंबू

सूचना पहिली. "पाणी उकळून प्यायचं. ऊन कितीही पडो, स्वेटर सोडायचा नाही. कॉफी एका पेल्यावर सोडून उठायचं नाही, तिसरा रिकामा होईपर्यंत बसायचं! आदिस अबाबात तात्पुरतं राहायला आलेल्यांना मी हेच सांगतो. आजवर माझा एकही भाडेकरू रडत गेला नाही!"

असं गाशे टेसेमा छाती ठोकून सांगत. वडीलधाऱ्या माणसाला इथे 'गाशे' म्हणतात, आणि टेसेमांना तर सगळी गल्लीच गाशे म्हणे. त्यांची भाडेकरू चिकोंडी, मलावीहून शहराच्या नळांच्या कामावर आलेली इंजिनीअर, सूचना इतक्या मनापासून पाळायची की भर उन्हातही स्वेटरचं एक बटण काढत नसे.

सूचना दुसरी ऐकायची राहूनच गेली. गाशे न्हाव्याकडे गेलेले असताना शेजारीण अत्सेदे मागच्या दाराने आत शिरली.

"गाशेंची बहीण गेली. डेस्सीला. आज दुपारी."

"तिरुयेताई? ज्यांनी त्यांना वाढवलं त्या?"

"हळू बोल! उद्या पहाटे आम्ही सगळे मिळून येऊ, मग सांगू. तोवर त्यांना कळता कामा नये."

"म्हणजे मी तोवर खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं, बाई? एकट्या माणसाला, रिकाम्या पोटी, फोनवर सांगतात का कुणी असलं? जेवू घाल, झोपू दे. आणि फोन लपव! तोंड जरा सरळ कर, तव्यावरून घसरलेल्या इंजेराच्या पोळीसारखं लोंबतंय!"

चिकोंडीने चार्जिंगला लावलेला गाशेंचा फोन उपटला आणि इंजेरासाठीच्या टेफ धान्याच्या पिठाच्या डब्यात खुपसला.

सूचना तिसरी, ही चिकोंडीची स्वतःची: फोन पिठात लपवायचा तर आधी बंद करावा!

गाशे गुळगुळीत दाढी करून दारात आले आणि पीठ वाजू लागलं.

"काय वाजतंय?"

"माझं पोट!"

"तुझ्या पोटाला माझ्या फोनची धून कुणी शिकवली?"

तेवढ्यात बाहेर बांबू आदळल्याचा आवाज झाला. गाशे धावले. दारात पलीकडच्या गल्लीतले लोक गाडीवरून तंबू उतरवत होते.

झालं होतं असं. मयत झाली की इथे दारात तंबू लागतो, आणि गल्लीच्या मयतीच्या मंडळाचा तंबू गाशेंच्याच ताब्यात. कोठीची किल्ली त्यांच्या गळ्यात. ती मागणार कशी? म्हणून अत्सेदेने शेजारच्या मंडळाचा तंबू मागवला. उद्यासाठी! ते आजच घेऊन आले!

"आमच्या गल्लीत परका तंबू? आमचा काय उंदरांनी खाल्ला? आणि गेलं कोण?"

"कुणी नाही गेलं!" अत्सेदे धापा टाकत आली. "लग्न आहे!"

"कुणाचं?"

अत्सेदेने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग चिकोंडीकडे पाहिलं. "हिचं!"

गाशेंचे डोळे भरून आले. "पोरी! आणि मला सांगितलं नाहीस?"

"आत्ताच... ठरलं."

"नवरा काय करतो?"

"नळांच्या कामावर आहे."

"उत्तम! घरात पाणी तरी राहील!"

मग काय विचारता! गाशेंनी बाह्या सरसावल्या. "खुंटी तिरकी ठोका! तंबू आहे हा, वाळत घातलेली चादर नाही!" घरातून रंगीत कागदांच्या माळा आल्या. गाशे स्टुलावर चढून त्या बांधू लागले. ताईंची बातमी आधीच कळलेले शेजारी एकेक करून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"अरे, हसा की! लग्न आहे, मयत नाही!"

गल्ली हसली. इतकं वाईट हसू चिकोंडीने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आता तिरुयेताईला कळवतो!" गाशे स्टुलावरून उतरले. "तिचे गुडघे दुखतात, तरी बस धरून येईल बघ! नवरीच्या डोक्यावर पहिला हात तिचाच."

"गाशे, आधी जेवा."

"जेवण कुठे पळतंय?"

ते सरळ पिठाच्या डब्याशी गेले. कोपरापर्यंत हात घातला. फोन काढला, अंगठ्याने पीठ पुसलं. भाच्याचे फोन येऊन गेले होते. एक नाही, दोन नाही, ओळीने.

"गाशे, जेवा ना," चिकोंडी म्हणाली. तिने त्यांच्यापुढे धरलेलं ताट रिकामंच होतं.

गाशेंनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर.

"परका तंबू," ते हळूच म्हणाले. "किल्ली माझ्या गळ्यात, म्हणून."

फोन त्यांनी लावला नाही. तो परत पिठात ठेवला, झाकण नीट बसवलं.

"वाढ."

चिकोंडीने इंजेरा वाढला, वर मसुराचं कालवण घातलं. गाशे जेवले. शेवटचा घास तिने स्वतःच्या हाताने भरवला. तोही त्यांनी गिळला.

"पहाटे ते येतील," हात धुताना ते म्हणाले. "मी मोठ्याने ओरडेन, छाती बडवीन. घाबरू नकोस. आणि मला आधीच कळलं हे कुणाला सांगू नकोस. अत्सेदे बिचारी किती धावली आज."

"नाही सांगणार, गाशे."

"आणखी एक काम कर. सगळे घरी गेले की ते रंगीत कागद तेवढे उतरव. ताई आहे गं माझी... मीच उतरवले असते, पण मला अजून काही माहीत नाही ना!"