गोदाक्कांच्या मोटारीचा मागचा दिवा

गोदाक्का वीज चाखून बघायच्या. आपण आमटी चाखावी तशी. मोटारीच्या बॅटरीला दोन तारा जोडायच्या, त्यांची टोकं जिभेवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "आज आळणी लागून राह्यलीय. उतरली बॅटरी." किंवा मग झिणझिणणारी जीभ कशीबशी आवरत, "हां! आज बराबर हाय."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला जालन्यात येऊन चारच दिवस झाले होते. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. यांची रेल्वेच्या मालधक्क्यावर बदली झालेली, मला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागलेली. आणि शेजारच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, नऊवारी घट्ट खोचून साठीच्या एक बाई तारा चाटत उभ्या! मी किंचाळलेच. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मलाच धीर दिला, "भिऊ नका बाई. सहाच व्होल्टाची हाय. गरीब गाय."

त्यांचे यजमान निजामाच्या राज्यात रस्त्यांचे गुत्तेदार होते. सरकारी रस्ते बांधायचे आणि ते नीट झालेत का हे बघायला स्वतःची मोटार काढायचे. ते गेले. मूलबाळ नव्हतं. पुतणे म्हणाले, मोटार विकून टाकू. अक्का मोटार चालवायला शिकल्या आणि पुतण्यांशी बोलायच्या थांबल्या. पुढे एकेक करून बाकीच्यांशीही त्यांनी भांडून घेतलं. "मला कुनाची गरज न्हाई. बिलकुल न्हाई!" हे त्या दूधवाल्यालासुद्धा सांगायच्या, आणि तेही त्यानं काही न विचारता.

एकदा बाजारात मोटारीसमोर कोंबडी आली. अक्कांनी कचकन ब्रेक दाबला. मागून येणारी बैलगाडी जू आणि बैलांसकट मोटारीच्या पाठीवर आदळली. कोंबडी वाचली, बैलांना काही झालं नाही, पण मोटारीच्या दोन्ही लाल दिव्यांचा चुरा झाला. गाडीवान म्हणाला, "अक्का, थांबायच्या आंधी सांगायचं न!" हवालदारानं हुकूमच सोडला. मागचे दिवे लागेपर्यंत मोटार रस्त्यावर दिसता कामा नये.

तसले दिवे आता कुठं मिळणार? अक्कांनी भंगारातून दोन उचलून आणले. एक गोल, एक चौकोनी. मोटार मागून बघितली की एक डोळा मिटून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. जुन्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या, म्हणून नव्या ओढल्या. वर गुंडाळायला काळी पट्टी पुरली नाही, तेव्हा जुन्या इरकली लुगड्याच्या काठाच्या चिंध्या केल्या. मी बघत उभी होते. जरा वेळानं चाकाच्या मागून अक्कांचा नुसता आवाज आला, "बाई, विजेचं लई सोपं हाय. नुसतं जाऊन भागत न्हाई, तिला माघारी यायला बी वाट लागती. तुम्हाला कसं ठावं न्हाई? शिकलेल्या न तुम्ही?"

"मी मराठी शिकवते, अक्का."

"मंग राहू द्या."

पहिल्या जोडणीत ब्रेक दाबला की भोंगा वाजू लागला. अक्का खूष! "बरं झालं की! त्यो गाडीवान म्हनलाच व्हता, थांबायच्या आंधी सांगा." पण भोंगा दाबला की ब्रेकचा दिवा लागायचा, हे हवालदाराला पटवता येईना. सगळ्या तारा उपटून पुन्हा सुरुवात झाली.

खरी अडचण पुढंच होती. ब्रेक दाबायचा मोटारीत बसून आणि दिवा बघायचा मागं उभं राहून. एकटं माणूस हे करणार कसं? आणि कुणाची गरज नसलेल्या अक्का कुणाला हाक मारणार? त्यांनी ब्रेकवर वरवंटा ठेवला आणि मागं धावल्या. पोचेपर्यंत वरवंटा घरंगळला. मग लग्नातला मोठा आरसा मोटारीच्या मागं टेकवून ठेवला, म्हणजे आत बसून दिसावं. दिवा दिसायच्या आत बोकड आला. आरशातला दुसरा बोकड त्याला मुळीच आवडला नाही. आरसा गेला.

त्या संध्याकाळी शेजारच्या अंगणातून भोंगा वाजला. बाहेर आले तर अक्का मोटारीत ताठ बसलेल्या, नजर समोर. "बाई, सहज इकडून चालल्या असाल तर मागं बघा जरा. लागतो का?"

मी सहज कुठंच चालले नव्हते. मागं जाऊन उभी राहिले. गोल दिवा लागला, चौकोनी नाही. दुसऱ्या दिवशी चौकोनी लागला, गोल नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही झकास लागले. मी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी मला ओसरीवर बसवून गुळाचा चहा पाजला आणि गुत्तेदारांनी बांधलेल्या प्रत्येक पुलाची हकिकत सांगितली. पूल बरेच होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा भोंगा. "गेला बघा, बाई!" पाचव्या दिवशीही तेच. रोज सकाळी जोडणी व्हायची, संध्याकाळी काहीतरी बिघडलेलं असायचं, मी मागं उभी राहायची, मग चहा आणि पूल. असे पंधरा-वीस दिवस गेले. वह्या तपासायच्या राहिल्या. हे वैतागून म्हणाले, "त्यांना एखादा मिस्त्री का बघून देत नाहीस?"

त्या शनिवारी शाळा दुपारीच सुटली. घरी येऊन खिडकी उघडली तर अक्का मोटारीच्या मागं उकिडव्या बसलेल्या. पेचकसानं त्यांनी गोल दिव्याची काच काढली. आतली तार चिमटीत धरली, हळूच ओढून सोडवली आणि काच पुन्हा जागेवर बसवली. पदरानं लख्ख पुसलीसुद्धा. मग इकडं-तिकडं बघून घरात गेल्या.

मला आधी संतापच आला. माझ्या वीस संध्याकाळी! तरातरा निघाले आणि त्यांच्या ओसरीशी येऊन थांबले. दुपारचे दोन वाजलेले, संध्याकाळला केवढा तरी अवकाश होता. पण ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि दोन कपबश्या आत्ताच मांडून, वर फडकं झाकून ठेवल्या होत्या. मी तशीच परत फिरले.

संध्याकाळी भोंगा वाजला. मी मागं जाऊन उभी राहिले. त्यांनी ब्रेक दाबला. चौकोनी दिवा लागला, गोल तसाच राहिला.

"लागला का?"

"गोल नाही लागला, अक्का. चौकोनीही जरा फिका वाटतोय. काम बरंच दिसतंय. महिना तरी जाईल."

अक्का मोटारीतूनच म्हणाल्या, "मी बी तेच म्हनून राह्यले व्हते. उद्या जरा जल्दी या. अंधारात दिवा बराबर दिसत न्हाई."

दिवा दिसतो तो अंधारातच, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन मी चार वाजताच त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.