वजा एक

मला कोण नापास करणार हो? बावीस वर्षं जमीन मोजतोय मी! मी खुंटी ठोकली की सख्खे भाऊसुद्धा भांडायचे थांबतात.

तर आमच्या मोजणी कार्यालयात फर्मान निघालं. तंत्रज्ञाची पहिल्या पायरीची परीक्षा जो पास होईल, तोच यापुढे बाहेर मोजणीला जाणार. बाकीच्यांची रवानगी दप्तरखान्यात! बिनखिडकीच्या त्या खोलीत माझा जीवच जाईल. माझ्याबरोबर परीक्षेला माझी भाचीही बसली होती. तिला मीच तीन महिने शिकवलेलं.

"अहो, पुस्तक तरी उघडा," बायको म्हणाली.

"पुस्तकवाल्यानं मला येऊन विचारावं!"

आता आमच्या टेपचं सांगतो. तिचा पहिला मीटर नऊ वर्षांपूर्वी तुटला. नवी मागितली तर साहेब म्हणाले, "एकच्या खुणेपासून मोजा आणि एक वजा करा की! त्यात काय एवढं?" तेव्हापासून वजा करतोय. हल्ली जिन्याच्या पायऱ्या मोजल्या तरी एक वजा होते.

परीक्षेत नवी कोरी टेप मिळाली. मैदानावर आखलेल्या आयताचं क्षेत्रफळ काढायचं होतं. मी झटक्यात मोजलं. एकोणीस गुणिले अकरा, दोनशे नऊ!

माझ्या निम्म्या वयाचा परीक्षक म्हणाला, "काका, दोनशे चाळीस पाहिजे. एकतीस चौरस मीटर जमीन कुठं गेली?"

"तुमची आखणी चुकलीय!"

"पुन्हा मोजा."

तीनदा मोजलं. तीनदा दोनशे नऊ! मग मात्र मी असा तापलो की आणखी दोन परीक्षक धावत आले. "बावीस वर्षांत माझा बोटभर फरक नाही! लेखी देतो!" आणि दिलं हो! 'माझी मोजणी बरोबर, तुमची आखणी चूक.' खाली झोकदार सही.

शेजारच्या आयतातून भाची हळूच म्हणाली, "मामा, ही टेप शून्यापासून सुरू होते."

ती पास झाली. मी दप्तरखान्यात.

पहिल्याच आठवड्यात तिनं नव्या टेपसाठी एका ओळीचा अर्ज दिला. चौथ्या दिवशी टेप हजर! मी नऊ वर्षांत अकरा अर्ज दिले होते. फार लागलं मला ते.

जुनी टेप भांडारात जमा करायचं काम माझ्याकडेच आलं. तिथल्या कारकुनानं वही उघडली. "लांबी?"

"एकोणतीस मीटर."

"नोंद तीसची आहे. एक मीटर कुठाय?"

"अहो, तुटला! सगळ्या कार्यालयाला ठाऊक आहे!"

"लेखी आहे का?"

"अकरा अर्ज आहेत!"

"मग अकराही जोडा. नाहीतर टेप तुम्ही तोडली असं लिहितो."

भाची बाहेर उन्हात मोजणी करतेय. मी इथे दिव्याखाली धूळ खात माझेच अर्ज हुडकले. सकाळपासून तीनदा मोजले, दहाच भरतात. अकरावा गहाळ झालाय, की मीच एक वजा करतोय, देव जाणे!