मोठं पान मिळणार नाही

"पडलं," प्रोग्राम तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

सकाळपासून त्या खुर्ची फिरवून हा एकच शब्द बोलत होत्या. यंत्र चालू केलं की पडद्यावर एक अगम्य ओळ यायची आणि यंत्र मान टाकायचं. कर्नलसाहेबांनी पुन्हा एकदा कपाळावर हात मारला.

कर्नलसाहेब म्हणजे फौजेतले नव्हेत. घरात पाल दिसली तर "जरा बाजूला होता का?" असं विचारणाऱ्यांपैकी ते होते. संगणकाच्या तळाशी जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे उड्या मारतात, त्याला कर्नल म्हणतात. तो सांभाळता सांभाळता नाव यांनाच चिकटलं. पाठीमागे मात्र लोक त्यांना होयबा म्हणत, कारण वरच्या साहेबांनी काहीही सांगितलं तरी त्यांच्या तोंडून "हो, बघतो" याखेरीज दुसरं काही निघत नसे.

दुखणं तसं साधं होतं. कर्नल इतर प्रोग्रामना स्मृतीतली जागा वाटतो ती पानांनी. लहान पान म्हणजे किलोभराची पुडी, मोठं पान म्हणजे अख्खं पोतं. आजवरची सगळी यंत्रं पोती उचलणारी होती. गिऱ्हाइकाने आणलेलं हे नवं, स्वस्तातलं यंत्र पोतं हा प्रकारच ओळखत नव्हतं.

"अरे, जमत नाही तर आधी सांगायचं ना!" कर्नलसाहेब पडद्यावर खेकसले.

"ते सांगतंय हो," बाई म्हणाल्या. "आपण विचारतच नाही. सरळ पोतं टाकतो त्याच्या डोक्यावर."

आज हे निस्तरणं भाग होतं. उद्या सकाळी बायको आणि मुलगी यांच्यासह आठवडाभर डोंगरावरच्या एका छोट्या घरात जायचं होतं. हीच सहल याआधी इतक्यांदा रद्द झाली होती की मुलगी तेवढ्या काळात कपड्यांची दोन मापं ओलांडून मोठी झाली होती. पहिल्यांदा बायको भांडली, मग रुसली, आणि गेल्या खेपेला ती काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याची कर्नलसाहेबांनी धास्ती घेतली होती. या वेळी जायचंच, मग आभाळ कोसळो. त्यांनी घरी फोन लावला.

"बॅग भरायला घे. संध्याकाळी लवकर येतो."

"हो, हो," बायको म्हणाली.

कर्नलसाहेबांना हुरूप आला. त्यांनी नियम घातला: कोणी मोठं पान मागितलं आणि यंत्राला ते झेपत नसेल, तर स्पष्ट "नाही" म्हणायचं. सोपं काम.

"पडलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे एक प्रोग्राम पडलाय आणि एकाने यंत्र नुसतंच तापवलंय."

झालं होतं असं, की मोठं पान मागणाऱ्यांना जन्मात कधी नकार ऐकायची सवयच नव्हती. एकाने "नाही" हे ऐकलंच नाही. पान मिळालं असं धरून तो नसलेल्या जागेत पाय टाकायला गेला आणि खड्ड्यात पडला. दुसऱ्याने ऐकलं, पण त्याला खरंच वाटेना. त्याने पुन्हा मागितलं. पुन्हा नाही. पुन्हा मागितलं. यंत्राच्या पंख्याची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ लागली.

"याला कोणी शिकवलंच नाही हो, नकार मिळाल्यावर काय करायचं ते," बाई म्हणाल्या.

मग कर्नलसाहेबांनी स्वतःला आयुष्यभर जमलेली युक्ती काढली. तोंडाने हो म्हणायचं आणि गुपचूप पुड्या द्यायच्या. मागणारा खूश, देणारा सुटला.

"नका करू," बाई म्हणाल्या. "पोतं दिलं म्हणून सांगायचं आणि पुड्या द्यायच्या, हे कधी ना कधी अंगाशी येतं."

"कोणाला कळतंय?"

यंत्र झोकात चालू झालं. कर्नलसाहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. पण चहा येण्याआधी एका प्रोग्रामचं काम संपलं आणि त्याने जागा परत केली. पोतं घेतलं होतं म्हणून त्याने पोतंच परत केलं. म्हणजे स्वतःच्या थोड्याशा पुड्या, आणि त्यांना लागून असलेला शेजाऱ्यांचा सगळा माल. शेजारी पटापट गेले. त्यांत पहिला गेला तो चुकांची नोंद ठेवणारा.

"पडलं. आणि आता का पडलं तेही कळायची सोय राहिली नाही."

कर्नलसाहेबांनी डोकं टेबलावर ठेवलं. चहा आला, तो तसाच थंड झाला. आपण इतकी वर्षं हे काम करतो ते कशाच्या बळावर, असा प्रश्न त्यांना पडला. शेवटी रडतखडत ते मूळ वाटेवर आले. यंत्र चालू होतानाच मोठी पानं झेपतात का ते विचारून घ्यायचं, आणि मागणाऱ्या प्रत्येकाला नाही ऐकायला शिकवायचं: नाही म्हणाले तर मरू नकोस, हट्ट करू नकोस, लहान पानं मागून घे आणि लहानच परत कर. असे मागणारे कर्नलमध्ये जागोजागी दडले होते. एकेकाची समजूत घालता घालता दिवस कलला.

मग पडद्यावर ओळ उमटली: मोठी पानं मिळणार नाहीत. लहान पानांवर काम चालू आहे.

बाई काहीच बोलल्या नाहीत. यंत्र चालत राहिलं. कर्नलसाहेबांना भरून आलं. एवढं साधं, सरळ वाक्य त्यांनी स्वतः कधी उच्चारलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब आले.

"वा! मग उद्या गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवूनच टाका."

कर्नलसाहेबांच्या ओठांवर "हो" आलंच होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

साहेबांनी ते ऐकलंच नाही. "सकाळी लवकर निघा."

"नाही जमणार."

"बरं, दुपारी?"

"नाही."

"मग सकाळी?"

बाईंनी खुर्ची फिरवली आणि त्या एकटक साहेबांकडे पाहू लागल्या. साहेब तोंड उघडं ठेवून उभे होते. मग ते म्हणाले, "बरं, तुमच्या सुट्टीनंतर ठेवू. त्यांना कुठे घाई आहे? आधी सांगायचं ना!"

एवढंच? एवढ्यासाठी आपण इतक्या सुट्ट्या मातीत घातल्या? कर्नलसाहेबांना हसावं की रडावं कळेना. ते तडक घरी निघाले आणि जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

"मी नाही म्हणालो!" दारातूनच ते ओरडले. "पूर्ण आठवडा! सलग!"

बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काय?"

"सुट्टी मिळाली!"

"काय?"

"अगं, सुट्टी! बॅग कुठे आहे?"

"माळ्यावर," बायको खुर्चीत बसत म्हणाली. "ते डोंगरावरचं घर मी ताईला दिलं. तिची माणसं दुपारीच तिकडे निघाली. मी माझी रजा परत केली. पोरीचं उद्यापासून पोहणं आहे, मग दोन दिवस मैत्रिणीकडे राहणार आहे. तुझी सलग सुट्टी आम्ही केव्हाच फोडून वाटून घेतली."

"सकाळी तर हो म्हणालीस!"

"तू नाही का म्हणत? मलाही सवय लागली."

"अगं, पण आधी सांगायचं ना!"

बायकोने टॉवेलची घडी घातली. कर्नलसाहेब चपला न काढता दाराशीच बसले. मुलीला त्यांची दया आली असावी. ती जवळ येऊन बसली.

"बाबा, मग उद्या तू मला पोहायला सोडशील?"

"हो, बघतो," कर्नलसाहेब म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना ऐकू आले. ते घाईघाईने सावरू लागले, पण मुलगी केव्हाच उठली होती.

"बरं," ती फोन उचलत म्हणाली. "मैत्रिणीच्या आईला सांगून ठेवते."