विचारल्याशिवाय जपून ठेवू नये

पगारी कामाला माणसाची लायकी कुणी फारशी बघत नाही; फुकट काम करू देण्याआधी मात्र ती भिंग लावून तपासली जाते. हे जगातल्या सगळ्या मंडळांना लागू आहे, आणि मुक्त स्रोत प्रकल्प हे त्यांतलं सर्वांत उदात्त मंडळ. मुक्त स्रोत म्हणजे असा प्रोग्राम, ज्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती साऱ्या जगाला द्यावी. (जगाने ती घ्यावी, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.)

बेलवलीच्या सम्यकला हा उदात्तपणा २००६ साली जडला. तो उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका सेठच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. निमित्त घरचंच होतं. त्याचे वडील शिवराम अंबरनाथच्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून रिटायर झाले होते आणि आता आपल्या आईच्या, जनाबाईंच्या, आठवणी टाइप करत होते. छप्पन साली जनाबाई तान्ह्या पोरीला घेऊन दीक्षेला नागपूरला गेल्या, गर्दीत पोर हातातून सुटली, आणि कुणा अनोळखी बाईने दिवसभर सांभाळली. ती पोर म्हणजे सम्यकची बनूआत्या. त्या बाईचं नाव काय, हे आत्या उभा जन्म विचारत आली होती. जनाबाई ऐंशीच्या पुढे. आठवण कधी लख्ख, कधी गुल. नाव आठवेल त्या दिवशी टिपून घ्यायचं, म्हणून हा सगळा खटाटोप.

बेलवलीतल्या विजेचाही स्वभाव जनाबाईंसारखाच. लोडशेडिंगला अधिकृत वेळापत्रक होतं, आणि ते सोडून बाकी सर्व वेळी वीज जायची. ती गेली की टाइप केलेलं गेलं. "पप्पा, मधून मधून सेव्ह करा ना," असं सम्यकच्या बहिणीने, मैत्रेयीने, सुचवून पाहिलं. शिवरामांनी ते तत्त्वावर फेटाळलं. कारखान्यात त्यांनी अर्धवट मालावर कधी शिक्का मारला नव्हता. "माल पुरा झाला की शिक्का. अर्ध्यावर शिक्का मारणं म्हणजे चोरी," ते म्हणाले. सेव्ह म्हणजे शिक्का, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं.

मग सम्यकने पप्पांचा टाइप करायचा प्रोग्रामच सुधारला; तो मुक्त स्रोत होता. तो आता दर मिनिटाला, तोंडातून ब्र न काढता, सगळं जपून ठेवू लागला. घरात शांतता नांदली. गोष्ट खरं तर इथेच संपायची. पण चांगली वस्तू आपल्यापुरती ठेवणं सम्यकला पटेना, आणि त्या प्रकल्पाला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत जगभरच्या नावांमध्ये आपलंही नाव लागावं, असं त्याला फार वाटत होतं. त्याने दुकानातल्या नेटवरून दुरुस्ती पाठवून दिली.

प्रकल्पाने ती भलतीच गांभीर्याने घेतली. कोडच्या ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकीच्या प्रकारची होती. (टॅब आणि स्पेस असे मोकळ्या जागेचे दोन प्रकार असून त्यावरून सख्खे मित्र तुटले आहेत.) ती बदलल्यावर कळलं की वीज जाऊन लिखाण जाण्याची ही अडचण इतर कुणाकडे दिसतच नाही. उत्तर युरोपातल्या एका सज्जनाने मोठ्या सचोटीने आपल्या घरची वीज जाण्याची वाट पाहिली होती. शेवटी त्याने विचारलं, वीज नेमकी कशासाठी जाते? सम्यकने लांबलचक उत्तर लिहिलं, ते खोडलं, आणि 'सवयीने' एवढंच कळवलं.

"पैसा देते हैं?" सेठने विचारलं.

"नाय, सेठ."

"तो मना किस बात का करते हैं, साईं? हमारे यहाँ मुफ्त वाले को चाय पिलाते हैं!"

सेठला तत्त्वांची ओळख नव्हती. प्रकल्पाचं मूळ तत्त्व वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य. त्याला न विचारता त्याचं लिखाण वाचवणं म्हणजे त्या स्वातंत्र्यावर घाला. तेव्हा प्रोग्रामने आधी चौकट दाखवून परवानगी मागावी, असं एकमताने ठरलं. (मत देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांच्या घरी अखंड वीज होती.) सम्यकला हे मुळीच पटलं नाही. पण यादी आता हाताच्या अंतरावर होती, आणि इतक्या जवळ आल्यावर माणूस पटवून घेतो. त्याने चौकट घातली.

नियमाप्रमाणे चाचणी खऱ्या परिस्थितीत व्हायला हवी होती. खरी परिस्थिती घरी मुबलक होती. सम्यकने घरच्या कॉम्प्युटरवरची आपली जुनी प्रत काढून चौकटवाली बसवली. पप्पांना सांगितलं नाही; सांगितलं तर चाचणी निःपक्ष राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनाबाई लख्ख होत्या. "पोरगी तापली व्हती रं. त्या बाईनं सांजपतुर छातीशी धरली तिला," असं म्हणत त्यांनी त्या बाईचं नाव सांगितलं, गावही सांगितलं. शिवरामांनी टाइप केलं. एका बोटाने टाइप करणाऱ्याला अक्षरं ऐकू येतात, गोष्ट नंतर वाचावी लागते. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली: लिखाण जतन करावे काय?

"थांब जरा, आई बोलतेय," शिवराम कॉम्प्युटरला म्हणाले.

आईला मध्येच तोडणं त्यांच्या रीतीत नव्हतं. ते हात जोडून ऐकत बसले. वीज गेली.

आल्यावर त्यांनी नाव पुन्हा विचारलं. "सांगितलं की मगाशी," जनाबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "कोन बाई रं?"

त्याच आठवड्यात सम्यकच्या चाचणी-अहवालावर प्रकल्पाचं पत्र आलं. चाचणी यशस्वी, चौकट वेळेवर दिसली, सम्यकचं नाव यादीत. बेलवलीच्या मित्रमंडळाने नाक्यावर त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. (अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो त्याच्या फोटोहून मोठे होते.) सम्यकने तो पाहिला, घरी येऊन पप्पांना सगळं खरं सांगितलं आणि ढसाढसा रडला. शिवरामांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माल पास झाला ना? झालं तर." आत्याला सांगायचं काम मात्र दोघांनीही एकमेकांवर ढकललं.

आता तुम्ही म्हणाल, हवा कशाला एवढा कॉम्प्युटर? म्हातारीसमोर मांडी घालून बसायचं आणि नीट ऐकायचं. अगदी बरोबर बोललात. तुमच्या घरचं म्हातारं माणूस मघापासून आतून काहीतरी सांगतंय. एवढं वाचून होईपर्यंत गप्प बसा, असं त्याला कोण म्हणालं?